डॅशबोर्डचा आकडा टॅलीशी आणि क्वालिटीशी का जुळत नाही: फाउंड्रीचे रिपोर्ट बांधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोली एमआयडीसीतली मध्यम आकाराची फाउंड्री, म्हणजे धातू ओतून कास्टिंग बनवणारा कारखाना, आहे. एमआयएस (कारखान्याचे रिपोर्ट) बघणाऱ्यांनी पॉवर बीआय या रिपोर्टिंग टूलमध्ये चार पानांचा डॅशबोर्ड केला, त्यावर सव्वीस चार्ट आहेत. तो उघडायला अर्धा मिनिट लागतं, विक्री टॅलीशी (हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी) जुळत नाही, रिजेक्शनची (बाद मालाची) टक्केवारी क्वालिटीवाले मान्य करत नाहीत आणि मालक रोज सकाळी व्हॉट्सॲपवर जुनीच एक्सेल मागतात. चार्ट कमी करावेत की टूल बदलावं?

आत्ता दोन्हीला हात लावू नका. टूल बदललं तरी हीच भांडणं नव्या स्क्रीनवर होतील. तुमच्या कारखान्यात "रिजेक्शन", "विक्री" आणि "आज" या तीन शब्दांचा अर्थ खात्यागणिक वेगळा आहे, आणि डॅशबोर्डने तो ठरल्यासारखा धरलाय. आधी प्रत्येक आकड्याची व्याख्या कागदावर लिहून घ्या: अंशात काय, छेदात काय, कोणती तारीख, नोंद कुठून येते आणि आकड्याला जबाबदार कोण. पाच आकड्यांची पाच कार्डं. त्यावर वर्क्स मॅनेजर, क्वालिटी आणि अकाउंट्स यांच्या सह्या घ्या. सही मागितली की खरे मतभेद बाहेर येतात. तोंडी सगळेच हो म्हणतात.

रिजेक्शनची टक्केवारी

इथे थोडा वेळ थांबू, कारण फाउंड्रीतला सगळ्यात महाग आकडा हाच आहे आणि सगळ्यात जास्त चुकीचा मांडला जातो तोही हाच.

समजा महिन्यात दोनच पार्ट काढले. पहिला 4 किलोचा, 2000 नग ओतले, 40 बाद झाले. दुसरा 85 किलोचा, 50 नग ओतले, 10 बाद झाले. पहिल्याचं रिजेक्शन 2 टक्के, दुसऱ्याचं 20 टक्के. चार्टने या दोन टक्केवाऱ्यांची सरासरी काढली तर 11 टक्के येतात. एकूण नगांवर काढलं तर 2050 पैकी 50, म्हणजे 2.4 टक्के. वजनावर काढलं तर 12,250 किलोपैकी 1,010 किलो, म्हणजे 8.2 टक्के. एकाच नोंदवहीतून तीन आकडे निघाले.

यातला 11 सरळ चूक आहे. टक्केवाऱ्यांची सरासरी कधीच काढायची नाही. टेबलमध्ये टक्केवारीचा रकाना ठेवूच नका. बाद नग आणि ओतलेले नग असे दोन रकाने ठेवा, आणि मेझरमध्ये (पॉवर बीआयमधल्या गणिताच्या सूत्रात) आधी दोन्हींची बेरीज करून मग डिव्हाइड फंक्शनने भागा. साध्या भागाकाराच्या चिन्हाऐवजी डिव्हाइड वापरलं की छेद शून्य असलेल्या दिवशी चार्टमध्ये "इन्फिनिटी" उमटत नाही. हीच चूक दूध संघात फॅटची सरासरी लिटरचा भार न देता काढली की होते, आणि साखर कारखान्यात रोजच्या उताऱ्यांची सरासरी काढून हंगामाचा उतारा सांगितला की होते.

उरलेले दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. मोल्डिंग लाइनची शिस्त बघायची तर नगांवरचं रिजेक्शन बघा. पैसा किती जातोय हे बघायचं तर वजनावरचं. दोन्ही ठेवा, पण नावं वेगळी द्या: "रिजेक्शन टक्के, नगांवर" आणि "रिजेक्शन टक्के, वजनावर". नुसतं "रिजेक्शन टक्के" हे नाव अख्ख्या मॉडेलमध्ये कुठेही नको.

आता तारीख. कास्टिंग जुलैत ओतलं. ब्लोहोल (अडकलेल्या वायूने पडलेलं भोक) दिसला सप्टेंबरमध्ये, गिऱ्हाइकाच्या मशीन शॉपला बोअर काढताना. हा बाद नग कोणत्या महिन्याचा? परत आल्याच्या तारखेला धरला तर जुलैची चूक सप्टेंबरच्या उत्पादनाने भागली जाते. त्यात सप्टेंबरला गणपतीच्या सुट्ट्यांमुळे ओतकाम कमी झालं असेल तर टक्केवारी उसळते, आणि त्या महिन्यात सगळं नीट केलेल्या सुपरवायझरला जाब विचारला जातो. ओतल्याच्या तारखेला धरला तर जबाबदारी योग्य ठिकाणी जाते, पण जुलैचा आकडा पुढचे दोन-तीन महिने हलत राहतो आणि "मागच्या वेळी तर 4 टक्के दाखवत होता" अशी तक्रार येते.

माझं मत स्पष्ट आहे: प्रक्रिया सुधारायची असेल तर ओतल्याचीच तारीख धरा. आकडा हलतो त्याची सोय आधीच करा. घरातलं रिजेक्शन, म्हणजे फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई) आणि तपासणीत सापडलेलं, ओतल्यापासून दहा दिवसांनी पक्कं धरा. गिऱ्हाइकाकडचं नव्वद दिवसांनी. मुदत न भरलेले महिने फिक्या रंगात दाखवा आणि खाली "अजून नोंदी येणार" असं लिहा. अकाउंट्सला परतीच्या तारखेनेच आकडा हवा असतो, कारण डेबिट नोट त्या महिन्यात पडते. त्यांच्यासाठी तपासणीच्या टेबलमधून तारखांच्या टेबलकडे दोन नाती (रिलेशनशिप) ठेवा: ओतल्याच्या तारखेचं चालू, परतीच्या तारखेचं बंद. परतीच्या मेझरमध्ये यूजरिलेशनशिप हे फंक्शन वापरून दुसरं नातं तेवढ्यापुरतं चालू करता येतं. टेबल दोनदा आणायची गरज नाही.

हे सगळं चालतं ते कास्टिंगवर हीट कोड (भट्टीतल्या एका खेपेचा, म्हणजे हीटचा, नंबर) उठवलेला असेल तरच. तो नसेल किंवा शॉट ब्लास्टिंगनंतर वाचता येत नसेल, तर परत आलेल्या मालाची ओतल्याची तारीख कळत नाही. अशा नगांना अंदाजाने तारीख लावू नका. "हीट अज्ञात" असा वेगळा गट करा आणि त्याचं प्रमाण पानावर दिसू द्या. ते वाढलं तर दुरुस्ती पॅटर्न शॉपमध्ये करायची आहे, पॉवर बीआयमध्ये नाही.

"आज" म्हणजे कधी

तिसरी पाळी रात्री 11 ला सुरू होऊन सकाळी 7 ला संपते. बुधवारी पहाटे 2 ला झालेली हीट सुपरवायझरच्या लेखी मंगळवारची असते आणि सिस्टिमच्या लेखी बुधवारची. म्हणून "उत्पादन दिनांक" असा स्वतंत्र रकाना करा: नोंदीच्या वेळेतून 7 तास वजा केल्यावर जी तारीख येते ती. सगळे चार्ट या तारखेवर चालवा.

दुसरी गोम क्लाउडमधली. पॉवर बीआय सर्व्हिसवर (ऑनलाइन आवृत्तीवर) टुडे फंक्शन युटीसी या जागतिक वेळेने चालतं, म्हणजे आपल्याकडे पहाटे 5:30 वाजेपर्यंत तिथे कालचाच दिवस असतो. स्वतःच्या लॅपटॉपवर सगळं बरोबर दिसतं आणि पहाटेच्या रिफ्रेशनंतर सर्व्हिसवर एक दिवस मागे. टुडेवर विसंबू नका. डेटामधली सगळ्यात अलीकडची उत्पादन तारीख काढा, तीच "शेवटचा दिवस" माना, आणि पानाच्या वर "डेटा इथपर्यंत: तारीख, वेळ" असं ठळक दाखवा. शिळ्या डेटावर निर्णय होऊ नये यासाठी एवढी एक ओळ पुरते.

तारखांचं टेबल स्वतः करा आणि त्यात आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, आर्थिक तिमाही आणि साप्ताहिक सुट्टी हे रकाने घाला. तुमची सुट्टी सोमवारी असेल तर रोजच्या सरासरीत सोमवार शून्य म्हणून मोजला जायला नको. (साखर कारखान्यासाठी हेच काम करणाऱ्यांनी 1 ऑक्टोबर ते 30 सप्टेंबर हे साखर वर्षही घालावं, नाहीतर एकच गाळप हंगाम दोन आर्थिक वर्षांत तुटतो.) स्वतःचं टेबल झालं की सेटिंगमधलं ऑटो डेट-टाइम बंद करा. ते चालू असलं की प्रत्येक तारखेच्या रकान्यामागे एक छुपं टेबल तयार होतं आणि फाइल फुगते.

आणि तारखा वाचताना लोकॅल (प्रदेशाची सेटिंग) "इंग्लिश (इंडिया)" निवडा. अमेरिकन सेटिंगवर 05/08/2025 ही तारीख 8 मे होते, कसलाही आवाज न करता. 13/08/2025 मात्र एरर देते, कारण तेरावा महिना नसतो. इथे लोक घाईने "रिमूव्ह एरर्स" दाबतात आणि प्रत्येक महिन्याच्या 13 तारखेपासूनचा माल गायब होतो. तुमची विक्री टॅलीपेक्षा निम्म्याहून कमी दिसत असेल तर सगळ्यात आधी हे तपासा.

टॅलीशी जुळवणं

पूर्ण वर्ष जुळवत बसू नका. एक महिना, एक गिऱ्हाईक घ्या आणि दोन्हीकडची बिलं बिल नंबरने शेजारी शेजारी मांडा. फरक बहुतेक याच ठिकाणी सापडतो: एकीकडे जीएसटीसह रक्कम आणि दुसरीकडे करपूर्व (18 टक्क्यांच्या मालावर गुणोत्तर नेमकं 1.18 आलं तर शोध संपला), भाडं आणि पॅकिंग, रिजेक्शनपोटी आलेल्या डेबिट नोटा, जॉब वर्कची चलनं विक्रीत मिसळलेली, आणि रद्द केलेली बिलं. प्रत्येक फरकाला नाव मिळाल्यावर डॅशबोर्डवर "निव्वळ विक्री, करपूर्व, परतावा वजा" असं पूर्ण नाव द्या. चार-दोन रुपयांचा फरक राउंड ऑफचा असतो, तो सोडा. पण कारण न कळलेला फरक कितीही छोटा असला तरी सोडू नका. पुढच्या महिन्यात तो छोटा राहीलच असं नाही.

मागच्या तारखेच्या नोंदींचंही लक्षात ठेवा. महिना संपल्यावर दहा-पंधरा दिवस अकाउंट्स जुन्या तारखेने व्हाउचर टाकतच असतात. रिफ्रेश फक्त कालचा डेटा उचलत असेल तर या नोंदी कधीच येणार नाहीत. दर वेळी किमान मागचे तीन महिने पुन्हा भरा.

टॅलीतून डेटा ओडीबीसीने किंवा एक्सएमएलने घ्या. पोर्ट सहसा 9000 असतो. पण त्या कॉम्प्युटरवर टॅली उघडी आणि कंपनी लोड झालेली असावी लागते. रात्री कुणी मशीन बंद करून गेलं की पहाटेचं रिफ्रेश फसतं. गेटवे (कारखान्यातला डेटा पॉवर बीआय सर्व्हिसपर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर) अकाउंट्सच्या टेबलवरच्या पीसीवर टाकू नका. यूपीएसवर कायम चालणारं वेगळं मशीन द्या आणि त्यावरचं स्लीप मोड बंद करा. लागोपाठ चार वेळा रिफ्रेश फसलं की पॉवर बीआय ते वेळापत्रकच बंद करून टाकतं, म्हणून फेल झाल्याचा मेल किमान दोघांना जाऊ द्या. प्रो लायसन्सवर दिवसाला आठ रिफ्रेश मिळतात. फाउंड्रीला पाळी संपल्यावर एकेक आणि सकाळच्या मीटिंगआधी एक, एवढी भरपूर होतात.

नोंदवही ते टेबल

शॉप फ्लोअरवरची नोंद खराब असेल तर पुढचं सगळं वाया. एकाच दोषाला "ब्लोहोल", "ब्लो होल", "बीएच" आणि "हवा" अशी चार नावं असतात आणि पॅरेटो चार्टमध्ये (जास्त ते कमी अशा क्रमाने दोष लावलेल्या चार्टमध्ये) त्याचे चार तुकडे होतात. तुकडे झाले की पहिल्या नंबरचा दोष चौथ्या नंबरवर दिसतो आणि सगळा कारखाना भलत्याच मागे लागतो. दहा-बारा दोषांची यादी ठरवा, प्रत्येकाला कोड द्या आणि ड्रॉपडाउनमधूनच निवडू द्या. "इतर" ठेवा, पण ते दहा टक्क्यांवर गेलं तर यादी बदला.

मराठी मजकुरावर टेबलं जोडू नका. "ऱ्या" सारखी अक्षरं दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतात; डोळ्यांना सारखी दिसतात, कॉम्प्युटरला दिसत नाहीत. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली नावं युनिकोडमध्ये न बदलता आणली तर नुसती चिन्हं दिसतात. जोडायचं ते पार्ट कोड, गिऱ्हाईक कोड आणि हीट नंबरवर. मराठी नावं फक्त दाखवण्यासाठी.

आणि सगळं एका लांबलचक टेबलमध्ये जोडायचा मोह टाळा. समजा 500 किलोची एक हीट, तिच्यातून तीन पार्ट, प्रत्येकाला दोन दोष. एकत्र जोडलं की सहा ओळी झाल्या आणि वितळलेलं मेटल 3,000 किलो दिसायला लागलं. युनिट पर टन (टनामागे लागलेली वीज) सहापट चांगलं दिसतं, सगळे खूश होतात, आणि महावितरणचं बिल तेवढंच येतं. हीटचं टेबल वेगळं, पार्टनिहाय उत्पादनाचं वेगळं, तपासणीचं वेगळं, विक्रीचं वेगळं. मधे पार्ट, गिऱ्हाईक, तारीख, पाळी, दोष ही छोटी टेबलं. फिल्टर छोट्याकडून मोठ्याकडे, एकाच दिशेने. दोन्ही दिशांनी फिल्टर चालू केल्यावरच आकडा "बरोबर" येतोय असं वाटलं तर मॉडेलमध्ये काहीतरी चुकलंय असं समजा.

आता चार्ट

व्याख्या झाल्यावर सव्वीस चार्टांचा निकाल आपोआप लागतो. प्रत्येक चार्टला विचारा: हा आकडा वाईट आला तर उद्या सकाळी कोण काय करणार? उत्तर नसेल तो चार्ट काढा. पहिल्या पानावर पाच आकडे पुरेत: गुड कास्टिंग टन, रिजेक्शन, यील्ड (वितळलेल्या मेटलमधून मिळालेलं कास्टिंग), युनिट पर टन, वेळेवर डिस्पॅच. प्रत्येकाशेजारी उद्दिष्ट आणि मागच्या महिन्याचा आकडा. एकटा आकडा काही सांगत नाही. खाली दोन चार्ट: दोषांचा पॅरेटो, आणि रोजच्या रिजेक्शनची रेषा. बाकी तपशील दुसऱ्या पानावर, आकड्यावरून ड्रिलथ्रू करून (क्लिक करत तपशिलात) जाता येईल असा. स्पीडोमीटरसारखे गेज नकोत, ते चौथाई पान खाऊन एक आकडा सांगतात.

रोजच्या रेषेवर नियंत्रण मर्यादा टाका, म्हणजे योगायोगाने आकडा जिथपर्यंत हलू शकतो त्या वरच्या-खालच्या रेषा. सरासरी 4 टक्के असेल आणि दिवसाला 500 नग तपासले जात असतील, तर केवळ योगायोगाने आकडा सुमारे 1.4 ते 6.6 टक्क्यांत हलतो. त्यामुळे एखाद्या दिवशी 6 आले म्हणून सुपरवायझरला केबिनमध्ये बोलवण्यात अर्थ नाही. फक्त 50 नगांच्या पार्टवर हीच वरची मर्यादा 12 टक्क्यांपुढे जाते. फाउंड्रीत दोष एखाद्या हीटमध्ये झुंडीने येतात, म्हणून या मर्यादा थोड्या कडकच पडतात. एखादा बिंदू बाहेर गेला की आधी त्या दिवसाच्या हीट वेगळ्या करून बघा. लाल रंग फक्त मर्यादेबाहेरच्या बिंदूला ठेवा. लाल-हिरवा फरक न कळणारे लोक असतात, म्हणून शेजारी बाणही द्या.

रुपये लाखांत दाखवा. पॉवर बीआयचं डिस्प्ले युनिट "ऑटो" ठेवलं तर ते हजार, मिलियन अशा हिशेबात जातं. ते "नन" करा, मेझरला एक लाखाने भागा आणि शीर्षकात "लाख रुपये" लिहा. बार चार्टचा अक्ष शून्यापासूनच सुरू करा. मालक फोनवर बघतात, तर फोन लेआउट वेगळा बांधा. शॉप फ्लोअरच्या टीव्हीवर तीनच आकडे, मराठीत, पाच मीटरवरून वाचता येतील एवढे.

अर्धा मिनिट लागण्याचं कारण परफॉर्मन्स ॲनालायझर उघडलं की दिसेल. पानावरचा प्रत्येक चार्ट आपली वेगळी क्वेरी टाकतो, म्हणून चार्ट कमी झाले की निम्मं काम होतं. उरलेलं न लागणारे रकाने काढून आणि तारीख-वेळेचा रकाना तारीख व वेळ असा दोन भागांत तोडून. सेकंदापर्यंतची वेळ असलेला रकाना जवळजवळ प्रत्येक ओळीत वेगळा असतो, तो दाबून साठवता येत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. लायसन्सचे पैसे वाचवायला "पब्लिश टू वेब" वापरू नका. त्या लिंकला पासवर्ड नसतो; लिंक मिळालेला कुणीही तुमचे गिऱ्हाईकनिहाय दर बघू शकतो. प्रो वापरत असाल तर बघणाऱ्यालाही प्रो लायसन्स लागतं. सगळ्यांना देणं परवडत नसेल तर चार-पाच जणांना द्या आणि बाकीच्यांना पीडीएफ पाठवा. रो लेव्हल सिक्युरिटी (कुणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचं बंधन) लावली तरी ती फक्त व्ह्यूअरला लागू होते. वर्कस्पेसमध्ये मेंबर किंवा काँट्रिब्यूटर म्हणून घातलेल्याला सगळं दिसतं.

राहिली मालकांची एक्सेल. ती महिनाभर चालू ठेवा आणि रोज तिचा आकडा डॅशबोर्डशी ताडा. फरक निघाला तर त्याच दिवशी कारण शोधून व्याख्येच्या कार्डावर लिहा. महिना संपला की एक तारीख ठरवून एक्सेल पाठवणं थांबवा. हे एमआयएसवाल्याने करून चालणार नाही, मालकांनी स्वतः मीटिंगमध्ये सांगायला हवं. सकाळच्या मीटिंगला पहिलं पान स्क्रीनवर लावायचं आणि कुणी आकड्यावर शंका काढली तर वाद घालत न बसता ड्रिलथ्रू करून हीट नंबरपर्यंत जायचं.